भेग बुजवायची घाई

टक.

तिने कॅमेऱ्यात हे चित्र काढलं आणि दिवा उडाला. सकाळपासून सगळं काम त्याच एका बल्बच्या उजेडात चाललेलं, त्यामुळे दुसरा आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. चपलेत पाय सरकवता सरकवता ती ओरडली, "बाबा, मागच्या खोलीत जाऊ नका हं!" आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडे धावत सुटली.

चूक तिथेच झाली. जाऊ नका म्हटलं नसतं, तर कदाचित ते गेलेही नसते.

मागच्या खोलीत टेबल, टेबलावर मातीची चकती, जेवायच्या ताटाएवढी. कधीच न वाळणारी रंगीत माती, वाटाण्याएवढ्या शेकडो गोळ्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि वर टांगलेला कॅमेरा. ती गोळी केसभर सरकवायची, हात मागे घ्यायची, बटण दाबायची. टक. पुन्हा केसभर. टक. अशी चित्रं भराभर दाखवली की माती आपल्या पायांनी चालायला लागते. हाच तिचा धंदा. मेडिकल कॉलेजातल्या मॅडमना पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी फिल्म हवी होती, आणि उद्या हवी होती.

फिल्म कशाची, तर गर्भाची. दोनएक आठवड्यांचा गर्भ म्हणजे नुसती चकती. ना डोकं ना पाय. मग त्या चकतीवर एक चीर पडते. वरच्या पेशी चिरेकडे सरकत येतात आणि आत उतरतात. ज्या आधी उतरल्या त्या तळाशी बसतात. तिथे एक तात्पुरता थर भाडेकरूसारखा पसरलेला असतो, त्याला त्या बाजूला सारतात. त्यांची पुढे आतडी होतात, फुप्फुसांचं अस्तर होतं. त्या पिवळ्या. मागाहून उतरलेल्या मध्ये घुसतात: हाडं, रक्त, हृदय. त्या लाल. ज्या उतरल्याच नाहीत त्या वर राहतात, निळ्याच्या निळ्या, आणि त्यांची कातडी होते, मेंदू होतो. चीर पडली नाही तर यातलं काहीच नाही. चकतीची चकतीच.

आणि घरात कोण? जन्मभर भिंतींना गिलावा केलेला माणूस.

टक. (हा कॅमेरा नव्हे. हे बाबा. भिंतीवर बोटाने टकटक करून पोकळ आवाज येतो का बघत हिंडायचे.)

गुडघे गेले, काम सुटलं, आई गेली, हात मात्र थांबले नाहीत. भेग दिसली की अंगठ्याला खाज सुटायची. न्हाणीघराच्या पाण्याची वाट त्यांनी बुजवली. इंटरनेटची वायर ज्या भोकातून यायची ते भोक तर वायर कापून बुजवलं, वर विचारलं, "उंदीर आत येत होते ते चालत होतं का तुला?" म्हणून तिने दादाला फोन केला होता. संध्याकाळी दादा गाडी घेऊन येणार होता. बाबांना सांगितलं, चार दिवस हवापालट. बॅग दारापाशी भरून ठेवलेली. बॅगेत स्वेटरही होता.

बल्ब घेऊन ती परतली, लावला, आणि उजेड पडला.

चीर नव्हती.

चकती गुळगुळीत. पाण्याचा हात फिरवून अशी घोटलेली, की बल्ब तिच्यात दिसत होता. बाबा बाजूला उभे, अंगठा निळा.

"बघ," ते म्हणाले, "आरसा केलाय."

"बाबा!"

"अगं, मधोमध तडकली होती. तुझं लक्ष कुठे असतं? आणखी घटकाभराने दोन तुकडे झाले असते."

"ती भेग मी पाडली होती! सकाळपासून तेवढंच करतेय मी!"

"भेग पाडायचे पैसे देतात?" बाबांना खरंच आश्चर्य वाटलं. "आम्हाला बुजवायचेसुद्धा वेळेवर दिले नाहीत."

ती हसली नाही. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली, परत आली, खुर्ची ओढली, बसली नाही. मग तोंडातून निघूनच गेलं, "म्हणूनच दादाला बोलावलंय मी. मला नाही होत आता."

बाबांनी अंगठा धोतराला पुसला. पुन्हा पुसला. निळा जाईना.

"स्वेटर भरलास तेव्हाच कळलं," ते म्हणाले. "चार दिवसांत थंडी पडत नाही."

ती कामाला लागली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर शेवटचं चित्र पुसट दिसत होतं, त्यावर डोळा ठेवून तिने चीर पुन्हा कोरली, दबलेल्या गोळ्या उपसल्या, नव्या वळल्या. टक. पिवळी आत. टक. पाय हलत होता तिचा, टेबलाखाली, शिलाई मशीनवर बसल्यासारखा. टक. बाबा दारात. गेले. आले. गेले. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज, लावल्याचा आवाज. आले.

"ही काय होणार?"

"रक्त."

"आणि वरची निळी?"

"कातडी. आणि मेंदू."

"एकाच मातीतली दोन्ही?" बाबा जरा विचारात पडले. "तरीच. तुझी कातडीही जाड आणि डोकंही."

"बाबा, लांब व्हा, सावली पडतेय."

लांब झाले. पुन्हा जवळ.

"चुळबुळे," त्यांनी तिला लहानपणीच्या नावाने हाक मारली, "ही भेग माणसाला जन्मभर राहते?"

"नाही हो. काम झालं की आखडत जाते. बुजते."

"आपली आपण?"

"आपली आपण."

बाबांनी निळा अंगठा उलटसुलट करून पाहिला. मग अगदी हिशेबी आवाजात म्हणाले, "म्हणजे मी जरा लवकर केलं. इतकंच."

आता मात्र तिला हसू आवरेना. हसता हसता कोपर लागून दोन गोळ्या घरंगळल्या, त्याही तशाच उचलून बसवल्या. ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. लाल अजून निम्म्याच आत गेल्या होत्या, बुजवण्याचा भाग तर सगळाच शिल्लक, आणि हात दोनच. नाहीतरी ते बुजवणारच होते. मग निदान कॅमेऱ्यासमोर.

"बसा इथे," ती म्हणाली. "डोक्याकडून पायाकडे बुजवत जायचं."

"पाय कुठायत?"

"व्हायचेत अजून. या टोकाकडून. केसभरच, आणि हात लगेच मागे. मी टक केल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही."

"केसभर म्हणजे तुझ्या की माझ्या? माझे राहिलेत कुठे?"

पहिल्या खेपेला त्यांनी बोटभर बुजवलं. ती ओरडली, पुन्हा कोरलं. दुसऱ्या खेपेला हात मागे घ्यायला विसरले, आणि चित्रात अंगठा आला, गर्भाएवढा. तिसऱ्यांदा जमलं. ती लाल गोळी आत ढकलायची, ते मागची वाट बुजवायचे, दोघांचे हात एकदम मांडीवर. टक. तिथे त्यांची बोटं गुडघ्यावर थापी मारल्यासारखी चालत. तिचा पाय हलत असे. दोघांपैकी एकालाही स्वस्थ बसता येत नव्हतं. फक्त टक व्हायच्या आधीचा श्वासभर वेळ तेवढा निघायचा.

बाहेर गाडी थांबली. जिन्यावर बूट वाजले. दादा अंगाने दणकट आहे, तो चढला की पायऱ्यांना कळतं. दार उघडंच होतं.

"झाली का तयारी? रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत—"

"आहेस तिथेच थांब!" दोघं एकदम.

दादा एक पाय उंबऱ्यात आणि एक पाय हवेत असा थबकला. "काय झालं? काच फुटलीय?"

"तू चाललास की जमीन हलते," बाबा त्याच्याकडे न बघता म्हणाले.

"अहो, पण किती वेळ?"

"बुजेपर्यंत."

टक. दादाने चौकटीला धरलं. टक. त्याचा फोन वाजला, त्याने तो खिशातच दाबला. "बाबांना यात कशाला घेतलंस?" तो कुजबुजला. "हात लावतील तिथे बुजवून ठेवतील म्हणालीस ना फोनवर?"

"तेच करतायत."

चीर आता नखाएवढी उरली होती. बाबांनी अंगठा पुढे केला, आणि थांबले. टक झालं होतं, तरी थांबले. बोट हवेत. तिच्याकडे बघत होते. भेग समोर असताना बाबा थांबलेले तिने कधी पाहिले नव्हते.

"दादा," ती म्हणाली, "न्यायला नको येऊस. भेटायला येत जा."

"अगं, रजा टाकलीय मी! आणि उद्या पुन्हा रडत फोन करशील."

"करीन. शिव्या द्यायला करीन. ऐकून घे."

"बॅग?"

"बॅग कधीच रिकामी केलीय," बाबा म्हणाले. "बघितलीही नाही कुणी."

ऐकून दादाचा हवेतला पाय खाली आला. चकती थरथरली, कडेची एक निळी गोळी जागच्या जागी डुगडुगली. बाबांचं बोट झेपावलं तिच्याकडे, आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरलं. तिने बटण दाबलं.

टक.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी फिल्म दोनदा पाहिली आणि फोन केला. छान झालीय म्हणाल्या, सरकणं अगदी हवं तसं. फक्त शेवटी कडेची एक पेशी उगाच दचकते, ते का?

पलीकडे भिंतीवर टकटक चालू होती. तिने फोनवर हात ठेवून ओरडून घेतलं, "बाबा, ते वायरचं भोक आहे!" मग हात काढला.

"तिचा भाऊ आला होता," ती म्हणाली.