दिवे वळवणारी सळई

लॉरेन्स एसटीतून निवृत्त झाला, तरी त्याचे हात काही स्वस्थ बसेनात. मालवणच्या घरामागे वडिलांची जुनी मोटार उभी होती. ती चालायची, पण एक गोष्ट त्याला छळत होती. तिचे पुढचे दिवे खुंटीवर फिरणारे होते. सुरुवातीच्या काही मोटारींत असे दिवे सळईने स्टिअरिंगला जोडलेले असत आणि चाकांबरोबर वळत, असं त्याने एका मासिकात वाचलं होतं. इथे सळईच नव्हती.

"बापायन खंयतरी हरवल्यान," तो चिडून म्हणायचा.

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात त्याने सत्यवान लोहाराकडून नवी सळई करून घेतली. ती बसवल्यावर त्याला अंधार पडेपर्यंतही दम निघेना. दिवेलागणीला बायकोला, सेवरीनाला, शेजारी बसवून तो तारकर्लीच्या रस्त्याला लागला.

पहिलं वळण आलं. चाकांबरोबर दिवेही वळले आणि कोपऱ्यापलीकडचे माड उजळले. "बघ गो, बघ!" तो ओरडला. सेवरीना दाराची कडी घट्ट धरून बसली होती.

पुढच्या वळणावर चाक खड्ड्यात आपटलं. सळई वाकून अडकली. लॉरेन्सने जीव खाऊन ओढलं, पण स्टिअरिंग सरळ होईना. मोटार वळतच राहिली आणि रस्ता सोडून कापणी झालेल्या शेतात उतरली.

सेवरीनाच्या कपाळाला खोक पडली होती. त्याने रुमाल दाबून धरला.

"तुज्या आवयक घेवन बापाय असोच चरात गेल्लो," सासूकडून ऐकलेलं ती सांगत होती. "म्हणान त्याणाच सळय काढून टाकल्यान."

"माका कित्या सांगूक नाय?"

"सांगूक येतंय तेवा तू जाग्यार रवतंस खंय?"

तो पाना घेऊन मोटारीखाली शिरला, सळई सोडवली आणि तिथेच बांधावर टाकली. वाडीतल्या माणसांनी मोटार ढकलून रस्त्यावर आणून दिली. एकाने उजेडासाठी हातातली बॅटरीही दिली.

परतीला तो बैलगाडीच्या वेगाने चालवत होता. वळण आलं की सेवरीना खिडकीतून हात काढून बॅटरी कोपऱ्यावर धरायची.

"डावीकडे जरा," तो हळूच म्हणायचा.

"दिसता माका," ती म्हणायची. "तू फुडे बघ."