देवघरातला वाटणाचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे आणि आधीच सांगतो, मी देव नाही. हे वेळेवर सांगायला मला तोंड नव्हतं, म्हणून तर पुढचं सगळं घडलं.

माझा जन्म बाली बेटावर, ज्वालामुखीच्या पायथ्याशी झाला. पाथरवटाने मला पसरट, खोलगट घडवलं आणि जोडीला आखूड बत्ता दिला. तिथल्याच कादेक नावाच्या मुलीच्या आईच्या स्वयंपाकघरात मी उमेदीची वर्षं काढली. ओली हळद, आलं आणि आल्याची सगळी भावकी, छोटे कांदे, मिरच्या, आंबवलेल्या सुकटीचा गोळा, सगळं माझ्या अंगावर एकजीव व्हायचं. ते वाटण कोंबडीत भरून, ती केळीच्या पानात गुंडाळून दिवसभर निखाऱ्यात ठेवली की बेतुतू. माशाच्या खिम्यात कालवून गवती चहाच्या दांड्यांवर लिंपून भाजलं की साते लिलित. चिरलेल्या शेंगा आणि भाजल्या खोबऱ्यात मिसळलं की लावार. पाहुणे बोटं चाटायचे आणि मी कोपऱ्यात फुगून बसायचो.

कादेकने जहाजावर काम करणाऱ्या संतोषशी लग्न केलं आणि मला कपड्यांत गुंडाळून नाशिकरोडजवळच्या मळ्यात आणलं. संतोष तिला आपल्या आईपाशी सोडून परत जहाजावर गेला. सासूबाईंना, म्हणजे कुसाबाईंना, सुनेचं नाव काही जमेना. त्या तिला 'कडक' म्हणू लागल्या. "नाव कडक, पण पोरगी मेणावानी," असं शेजारणीला सांगायच्या.

बॅगेतून मी निघालो. कुसाबाईंनी बत्ता माझ्या मधोमध उभा करून पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अगं बया, सूनबाईनं पिंड आणली!"

मी थेट देवघरात. कादेक म्हणाली, "हो आई." तिला तेव्हा मराठी तेवढंच येत होतं.

मग रोज दूध, पाणी, बेल. इतका मान दगडाला कुठे मिळतो? पण मला मिरची हवी होती हो. पलीकडे मिक्सर घरघरायचा आणि मी गंध लावून गप्प. कादेकही तशीच, नव्या साडीत, गप्प. चहात गवती चहा पडला की मात्र आम्ही दोघं एकदमच दचकायचो.

एका दुपारी मळ्यातून चवळीच्या कोवळ्या शेंगा आल्या. कादेकने त्या बारीक चिरल्या, खोबरं भाजलं, वाटण मिक्सरला लावलं. एक घास खाल्ला आणि ताट सरकवून रडायलाच लागली.

"काय गं, मीठ लय पडलं का?"

"मिक्सर नको, आई." तिने माझ्याकडे बोट केलं. "तो माझ्या आईचा दगड. मिरची वाटायला."

कुसाबाई मटकन खाली बसल्या. "म्हंजे मी इतके दिस वाटणाच्या दगडाला दूध घालतेय? आन् तू बोलली नाय?"

"तुम्ही हात जोडले. मग कसं बोलू?"

माझा जीव टांगणीला. पूजलेली वस्तू परत ओट्यावर कोण नेतं? पण कुसाबाई उठल्या, मला नमस्कार केला आणि दोन्ही हातांनी उचललं.

"महादेव याच्यावर नाय रागवायचा. घरात पोरगी उपाशी राह्यली, त्याच्यावर रागवंल." मग ओट्यावर ठेवता ठेवता दटावलं, "पर सोमवारी सुकट नाय हां, कडक!"

बेलाचं एक पान मला चिकटूनच होतं. कादेकने ते काढून कानामागे खोवलं, तिच्या गावाकडे फूल खोवतात तसं. आणि माझ्या अंगावर मिरची पडली.

मित्रांनो, लांबून कोणी तुमच्या घरात राहायला आलं, तर त्याला उंचावर बसवून हात जोडू नका. आज काय खावंसं वाटतंय, एवढं विचारा. आणि उत्तर यायला वेळ लागला, तर तिथेच जवळ बसून राहा.