तारेतून अबोला जात नाही

आधी मला दोन्ही हातांनी उचलून बघा, मित्रांनो. जड आहे ना? मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, गोल तबकडीचा. आजकालचे फोन खिशात मावतात आणि हातातून निसटले की फुटतात. मी एकदा जिन्यावरून गडगडत खाली आलो होतो, तेव्हा टवका उडाला तो फरशीचा. मी थोडा गर्विष्ठ आहे, हे मला माहीत आहे. पण माझी गोष्ट ऐकून झाल्यावर तुम्हीच सांगा, हा गर्व मला शोभतो की नाही.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी रायपूरला आलो, तो जवळच्या अभनपूरच्या एका धानाच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात. या शेटजींचा समज असा होता की आवाज तारेतून जातच नाही, तो आपल्या छातीच्या जोरावर अभनपूरपर्यंत पोचतो. धानाचा भाव ते असा ओरडून सांगत, की शेजारच्या बंगल्यातली कुत्री भुंकायला लागत. शेठाणीनं मात्र माझ्यासाठी लोकरीचं झाकण विणलं होतं. त्या घरात माझे लाड झाले. पुढे शेटजी वारले, मुलं दूरच्या शहरांत गेली आणि बंगल्याला कुलूप लागलं. झाकणाला कसर लागली. तबकडीच्या भोकांत कोळ्यानं संसार थाटला. बोलण्यासाठी जन्मलेल्या वस्तूला गप्प बसावं लागणं किती कठीण असतं, हे मी तेव्हा शिकलो.

मग छत्तीसगढ राज्य झालं आणि आपलं रायपूर राजधानी! लग्नघरी वऱ्हाड वेळेआधी येऊन ठेपावं, तशी गावाची धांदल उडाली. कचेऱ्यांना खोल्या पुरेनात, साहेबांना घरं मिळेनात. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडे येणारे इंजिनियर वेगळेच. आमचा बंगला कुणीतरी भाड्यानं घेतला, त्याचं गेस्ट हाउस केलं आणि मॅनेजर म्हणून श्रीपादजी आले. नवा फोन यायला वेळ होता. त्यांनी मला पुसलं, कानाला लावलं आणि म्हणाले, "चालून राहिला ना? मग ठेवा काउंटरवर." मी पुन्हा कामावर रुजू झालो.

त्याच आठवड्यात नीलिमाही रुजू झाली. ती रेल्वे कॉलनीतली. तिचे वडील नत्थूजी वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला. पोरगी बी. ए. झालेली, इंग्रजी वाचायची छान, लिहायची छान, पण बोलायची वेळ आली की घशात काहीतरी अडकायचं. तिला तीन महिन्यांच्या बोलीवर ठेवलं होतं. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर घरी.

मला डोळे नाहीत, मित्रांनो. पण रिसीव्हर धरणारी मूठ मला सगळं सांगते. नीलिमाची मूठ कामसू होती आणि घाबरलेलीही होती. इंग्रजी फोन आला की ती एवढंच म्हणायची, "हव सर. यस सर. सॉरी सर." आनंद झाला तरी सॉरी, राग आला तरी सॉरी. आणि कुणी फारच बोललं, तर गप्प.

एकदा चेन्नईच्या एका कंपनीचे साहेब फोनवर संतापले. त्यांच्या कंपनीनं आमच्याकडच्या चार खोल्या वर्षभरासाठी घेतल्या होत्या. त्यांच्या इंजिनियरला आणायला गाडी उशिरा गेली होती. साहेबांना हिंदी येत नव्हतं, त्यामुळे सगळा वर्षाव इंग्रजीत. नीलिमाची मूठ घट्ट झाली आणि ती बोलायची थांबली. साहेब "हॅलो? हॅलो?" करत राहिले आणि शेवटी त्यांनी फोन आपटला. संध्याकाळी श्रीपादजींकडे तक्रार आली की तुमचा फोन बंद पडतो.

म्हणजे आळ आला माझ्यावर! दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. त्यानं माझं पोट उघडलं, टकटक केलं आणि सांगितलं, "लाइन एकदम ओके आहे भैया." श्रीपादजींनी माझ्याकडे पाहिलं असेल आणि मग नीलिमाकडे. कारण ते म्हणाले, "नीलिमा, फोन चालू होता ना? मग तू काहून नाही बोलली? अशी अजून एक कंप्लेंट आली, तर मला काही करता येणार नाही. अन् हा डबाही मी भंगारात देईन." डबा म्हणजे मी. तेव्हापासून माझं आणि तिचं नशीब एकाच खुंटीला टांगलं गेलं.

त्याच दुपारी शहरातल्याच ब्राह्मणपाऱ्यातून एक फोन आला. विनोदिनीबाई, निवृत्त शिक्षिका, जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या. नागपूरहून पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी त्यांना खोली हवी होती. खोली शिल्लक नव्हती. बाई जरा रागावून बोलल्या आणि नीलिमा सवयीप्रमाणे गप्प झाली.

"अगं, आहेस का गेलीस?" बाईंनी विचारलं. उत्तर नाही. पण बाईंनी फोन ठेवला नाही. शिक्षकच त्या, वर्गातली गप्प मुलं त्यांनी खूप पाहिली होती. "पोरी, तुला वाईट वाटलं का?"

त्या एका प्रश्नावर नीलिमा रडायलाच लागली. साहेबांचं, तक्रारीचं, भंगाराचं, सगळं तिनं सांगून टाकलं. मग घरचंही निघालं. नत्थूजींना ही नोकरी मान्य नव्हती. ते म्हणाले होते, "मी जनमभर साहेबलोकांचं ऐकून घेतलं. आता माही पोरगी बी परक्याचं ऐकून घेईन का?" नीलिमा तरीही कामावर आली आणि त्यांनी अबोला धरला. तिच्याशी शब्द नाही. समोर बसलेली असली तरी बायकोला सांगायचे, "तिले म्हणा, दरवाजा लाव."

"आमच्या घरी असंच आहे बाई," नीलिमा म्हणाली. "राग आला तर बोलणं बंद. वाईट वाटलं तर बोलणं बंद."

"सगळ्याच घरी तसं असतं गं," बाई म्हणाल्या. "घरात अबोला समजतो. ताट बाजूला सरकतं, भांडी वाजतात, समोरच्याला कळतं. पण तारेतून अबोला जात नाही पोरी. समोरच्याला वाटतं, लाइन कटली. इथं तोंडानंच सांगावं लागतं."

मी तर मनात टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं मला जे कळत होतं ते या बाईंनी एका वाक्यात सांगितलं.

बाईंचा पाय मोडला होता, प्लास्टर होतं, फोन पलंगाशेजारी. "पायाला प्लास्टर आहे, तोंडाला नाही," असं म्हणून त्यांनी शिकवणी सुरू केली. रोज दुपारी, पाहुणे जेवून झोपले की.

काय शिकवणी होती ती! "मराठीत आपण 'जरा' लावतो ना?" बाई विचारायच्या. "जरा ऐकता का, जरा सरकता का. तसं इंग्रजीत 'अ लिटल' लावायचं. पहाडाएवढा राग आला असला तरी साहेबाला म्हणायचं, आय ॲम अ लिटल अपसेट, सर. मैत्रिणीशी बोलताना मात्र सरळ सांग, आय ॲम फेड अप! तिथं काही लपवू नकोस."

खोली रिकामी नसेल तर 'आय ॲम अफ्रेड' म्हणायचं, हे ऐकून नीलिमा अडून बसली. "मी काहून भिऊ बाई? खोली नाही तर नाही. मी नाही भिऊन राहिली!"

"भिऊ नकोस, नुसतं म्हण! इंग्रज लोकही भीत नाहीत, नुसतं म्हणतात." त्या दिवशी दोघी इतक्या हसल्या की माझी घंटासुद्धा आतल्या आत थरथरली.

मग बाई स्वतःच साहेब व्हायच्या आणि पलंगावरून इंग्रजीत अशा कडाडायच्या, की त्यांच्या शेजारच्या मंदाकिनीताई पळत येऊन विचारायच्या, "विनोदिनी, काय झालं गं?" नीलिमा हळूहळू उत्तरं देऊ लागली. आनंद सांगू लागली, आभार मानू लागली, मोकळेपणानं "नो प्रॉब्लेम" म्हणू लागली. एकच गोष्ट ओठांवर येईना. 'आय फील हर्ट.' मला लागलं, मला दुखलं. ते म्हणायची वेळ आली की मूठ घट्ट आणि तोंड बंद. बाई म्हणायच्या, "राहू दे. एक दिवस निघेल."

तो दिवस तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आला.

सरकारी पाहुणे अचानक वाढले आणि श्रीपादजींनी चेन्नईच्या कंपनीच्या दोन खोल्या त्यांना देऊन टाकल्या. दुपारी कंपनीचे इंजिनियर दारात सामान घेऊन उभे. पाच मिनिटांत मी वाजलो. चेन्नईचे साहेब! श्रीपादजी काउंटरपाशीच होते. चूक त्यांची होती, पण ते हळूच म्हणाले, "नीलिमा, सांभाळून घे बेटा."

साहेब सुरू झाले. खोल्या कुठे आहेत, तुम्ही लोक काय करता, आणि शेवटी, "आर यू स्टुपिड?"

नीलिमाची मूठ आवळली. तीच शांतता. "हॅलो?" साहेब ओरडले. "हॅलो?" आता ते फोन आपटणार. माझं भंगारात जाणं आणि तिचं घरी बसणं, दोन्ही मला अगदी जवळ आल्यासारखं वाटलं. मी जीव तोडून तार धरून राहिलो. बोल नीलिमा, बोल! लाइन चालू आहे गं, मी आहे ना!

"आय ॲम हिअर, सर," ती म्हणाली.

आवाज बारीक होता, पण तुटला नाही. "आय ॲम सॉरी अबाउट द रूम्स. इट इज अवर मिस्टेक. बट आय फील हर्ट, सर, व्हेन यू टॉक टू मी लाइक दॅट. प्लीज टॉक अ लिटल सॉफ्टली, अँड आय विल हेल्प यू."

चूक आमची आहे, पण तुम्ही असं बोललात ते मला लागलं. जरा हळू बोला, मी मदत करते. एवढंच. ना ओरडणं, ना रडणं, ना अबोला. आणि 'जरा' सुद्धा बरोबर जागी!

आता शांतता दुसऱ्या टोकाला होती. लाइन एकदम ओके होती, मी स्वतः साक्षीदार आहे.

"आय ॲम सॉरी," साहेब म्हणाले. आवाज उतरला होता. "व्हॉट इज युवर नेम?"

"नीलिमा, सर."

मग तिनं सांगितलं की चार वाजता वरच्या दोन खोल्या रिकाम्या होतील, तोवर तुमच्या माणसांना इथेच जेवायला वाढते. साहेब हो म्हणाले. सकाळपासून सगळंच बिघडत होतं, असंही म्हणाले. "आय नो, सर," नीलिमा हसून म्हणाली, "सम डेज आर लाइक दॅट." आणि चेन्नईचे साहेब, फोन आपटणारे साहेब, चक्क हसले! त्या दिवशी त्यांनी रिसीव्हर इतका अलगद ठेवला, की मला कळलंसुद्धा नाही.

श्रीपादजींनी घसा खाकरला. "मला तर घाम फुटला होता," ते म्हणाले. "नीलिमा, चूक माझी होती अन् ऐकलं तू. सॉरी. उद्यापासून तू पक्की." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् हा डबाही."

नीलिमानं आधी बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "पाय धड असता तर नाचले असते गं!" मग नीलिमानं घरचा नंबर फिरवला. ती घरी फोन करायची तेव्हा काय व्हायचं ते मला पाठ होतं. नत्थूजी उचलायचे, तिचा आवाज ओळखला की रिसीव्हर टेबलावर ठेवून आत ओरडायचे, "तुह्या पोरीचा फोन आहे."

"जयभीम, कोण बोलून राहिलं?"

"बाबा, मी. खाली नका ठेवू." ती घाईनं म्हणाली. "जरा ऐका. तुम्ही माह्याशी बोलत नाही, तर मले लय वाईट वाटते बाबा. रोज वाटते."

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला नाही. म्हणजे तो अजून हातातच होता, कारखान्यात लोखंड उचलून राठ झालेल्या त्या हातात.

"मले बी," नत्थूजी म्हणाले.

मग तिनं साहेबांची सगळी हकीकत सांगितली. "तू म्हणलं? साहेबाले?" त्यांनी विचारलं. "अन् त्यानं ऐकून घेतलं?"

"हव बाबा. त्यानं सॉरी म्हटलं."

"इंग्रजीत कसं म्हणलं तू? म्हण बरं." तिनं म्हणून दाखवलं. "अजून एकडाव म्हण." तिनं पुन्हा म्हटलं. आणि मग नत्थूजी असे ओरडले, की मला अभनपूरचे शेटजी आठवले. "अवो, इकडं ये लवकर! माह्या पोरीचा फोन आहे!"

मित्रांनो, त्या आवाजानं माझी सगळी धूळ झडली.

आज नीलिमा त्याच गेस्ट हाउसची मॅनेजर आहे. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहेत, माझी तार कधीच काढली, पण मी तिच्या टेबलावर ऐटीत बसलो आहे. नव्या मुली कामाला आल्या की ती माझा रिसीव्हर त्यांच्या हातात देते, स्वतः रागीट साहेब होते आणि खोटं खोटं ओरडते. कधी नत्थूजी येतात. खिशातून रुमाल काढतात, मला पुसतात, तबकडीची भोकंसुद्धा सोडत नाहीत. पुसणारा हात असला, की जुनी वस्तू जुनी राहत नाही.

म्हणून तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू पुसत जा, मित्रांनो. आणि कुणाशी बोलणं बंद असेल, तर आजच त्याला हाक मारा. कुठल्याही भाषेत चालेल. पहिलं वाक्य घशात अडकेल, नीलिमाचंही अडकलं होतं. त्याच्या आधी 'जरा' लावा. निघेल.