तीन अक्षरांचा पत्रा

मी पत्रा बोलतोय. पूर्वी तेलाच्या डब्याचं झाकण होतो, आता अक्षरं आहे. माझ्या पोटात इंग्रजीची तीन भोकं पाडलेली आहेत: जी, एच आणि टी. आणि मी संतापलेलो आहे. समजूत घालायला कुणी येऊ नका, आधी ऐका.

मला कापलं एका पेंटरनं. माणूस चौथीपर्यंत शिकलेला, हात मात्र देखणा. गोदामांच्या भिंती, दारं, लिफ्टा रंगवायचा. इंग्रजी शब्द तो कागदावरून बघून चित्रासारखे काढायचा. मांजर काय आणि अक्षर काय, त्याला सारखंच. काढता काढता त्याच्या लक्षात आलं की ही तीन अक्षरं लेकाची सारखी एकत्रच येतात. लाइटमध्ये तीच, नाइटमध्ये तीच, राइट, टाइट, हाइट, वेट, फ्रेट, जिकडे तिकडे त्यांचाच गोतावळा. "दर वेळी कोण काढत बसणार?" म्हणाला, आणि कात्रीनं माझं पोट फाडलं. शब्दाची सुरुवात कुंचल्यानं, शेपूट माझ्या भोकांतून रंग मारून.

त्यातही गंमत बघा. या शब्दांत तिघांपैकी आवाज एकट्या टीचा. जी आणि एच सासुरवाडीला आलेल्या जावयांसारखे नुसते बसून. काम शून्य, जागा मात्र ऐसपैस.

अर्थ सांगितला तो पेंटरच्या बायकोनं. बाई दहावी झालेल्या. एकदा त्याच्या दुकानात जेवणाचा डबा घेऊन आल्या आणि विचारलं, "अहो, हे जे लिहिता, ते म्हणजे काय हो?"

"इंग्रजी."

"ते दिसलं. अर्थ?"

"अर्थ घेऊन काय करू? मला रंग लावायचाय."

बाईंनी खडू घेतला आणि भिंतीवर यादीच मांडली. लाइट म्हणजे उजेड, आणि हलकंही. नाइट म्हणजे रात्र. राइट म्हणजे उजवा, बरोबर, शिवाय हक्क. टाइट म्हणजे घट्ट. हाइट म्हणजे उंची. फ्रेट म्हणजे वाहून न्यायचा माल. वेट म्हणजे वजन. डॉटर म्हणजे लेक, त्यातही आम्ही तिघं आहोत. पण लेकीचं नाव कोण गोदामावर लिहितो, म्हणून ती राहिली. पेंटरनं कुंचले धुता धुता आठवडाभर यादी घोकली. मलाही पाठ झाली. खिळ्याला टांगलेल्याला दुसरं काम काय असतं?

आता माझ्या रागाकडे येतो.

एका गोदामात मालाची लिफ्ट आहे. तिच्या दारावर इंग्रजीत पाटी: फ्रेट लिफ्ट, वेट पाचशे किलो. रंग उडालेला. तिथल्या मॅनेजरनं पेंटरला बोलावलं. कडक इस्त्रीचा माणूस, बसला तरी चुरगळणार नाही असा.

"पाटी नवी कर. आणि पाचशेचे आठशे कर."

"लिफ्ट नवी घेतली का साहेब?"

"लिफ्ट तीच. माल वाढलाय."

"पण वेट म्हणजे वजन ना?"

मॅनेजर हसला. "अरे वा, मास्तर झालास की. रंग दे आणि नीघ."

आणि आमच्या शहाण्यानं दिला. मला दारावर दाबून धरलं आणि तो खोटेपणा माझ्या पोटातून पार केला. मला ओरडता येत असतं, तर दोघांच्याही कानाचे पडदे फाडले असते. मॅनेजरचा राग आलाच, पण याचा जास्त आला. याला आता अर्थ माहीत होता.

संध्याकाळी घरी मी त्याच्या पिशवीत होतो. बायकोनं विचारलं, "आज काय लिहिलंत?" त्यानं सांगितलं. शेंगा सोलणारे हात जागीच थांबले.

"त्या लिफ्टमधून माझा भाऊ रोज वर-खाली करतो."

"अगं, मी नुसता लिहिणारा."

"अर्थ कळत नव्हता तोवर नुसते लिहिणारे होतात. आता नाही."

मग त्यांनी ताट वाढलं. भाजीत मीठ नव्हतं, पण ते सांगायची पेंटरची छाती झाली नाही.

सकाळी गोदाम उघडताच पेंटर हजर. आठशेवर पांढरा हात मारला, परत पाचशे केले, आणि खाली वीतभर उंचीच्या अक्षरांत आपल्या भाषेत लिहिलं: 'वजन पाचशे किलो. माणसं धरून.' लिफ्टमध्ये सोळा पोती आधीच रचलेली होती. हमाल गोळा झाले. मेहुण्यानं बोट ठेवून एकेक शब्द वाचला.

"वजन होय, दाजी? आम्हाला इतकी वर्षं वाटायचं, कंपनीचं नाव आहे."

कुणी हसलं नाही. एक पोतं पन्नास किलोचं, आणि सोबत चढणारी दोन माणसं, त्यांचे धरा दीडशे. म्हणजे सात पोती. नऊ पोती एकामागून एक खाली उतरली.

तेवढ्यात मॅनेजर आला. "कुणी लिहिलं हे?"

"मीच, साहेब. वळण ओळखलं नाहीत?"

मॅनेजरनं मला हिसकावलं, जमिनीवर टाकलं आणि टाचेखाली दुमडलं. जी आणि एचमधली पट्टी तुटली, दोघांचं मिळून एकच भगदाड झालं. मग दुसऱ्या पेंटरला बोलावून त्यानं पुन्हा आठशे लिहून घेतले, खालची ओळ पुसली. आमच्या पेंटरला त्या गोदामाचं दार कायमचं बंद.

सध्या मी रंगाच्या कलत्या डब्याखाली टेकू आहे. माझ्यातून आता लाइटही निघत नाही आणि नाइटही. राग तेवढा शाबूत आहे, आणि त्यातला थोडा तुमच्या वाट्याचा आहे. रोज ज्या दारातून जाता, त्यावर काय लिहिलंय ते कधी विचारलंत? विचारायची लाज वाटते म्हणे. अहो, तुम्हाला वाचता येणार नाही असं ज्यानं लिहिलं, त्याला वाटू द्या की लाज. तुम्ही विचारा. दोनदा विचारा.

हमाल अजून सातच पोती चढवतात. परवा मॅनेजर त्यांच्यावर खेकसला, "पाटी दिसत नाही? आठशे लिहिलंय." हे मेहुण्यानं स्वतः दुकानात येऊन सांगितलं, म्हणून मला कळलं. त्यानं मुकाट्यानं सोळा पोती रचली, दार उघडं धरलं आणि अगदी अदबीनं म्हणाला, "या साहेब. पहिली फेरी तुमच्याबरोबर करू."

मॅनेजरनं पोत्यांकडे पाहिलं, वरच्या दोराकडे पाहिलं आणि जिन्यानं वर गेला. नऊ पोती पुन्हा खाली उतरली.