अदलाबदल केलेलं पाणी

मनाली आमच्या गावात पाणी तपासायला आली ती सरपंचांच्या गाडीतून उतरली. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

मनाली माझ्या धाकट्या बहिणीची नात. मलकापूरला राहते, रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. साखरखेर्ड्याच्या स्टँडवर उतरून तिने नुसता फोन केला असता, तरी माझा मुलगा धम्मरत्न मोटारसायकल घेऊन गेला असता. पण स्टँडवर म्हणे तिला नारायणराव भेटले. आमच्या सरपंच मंजुळाबाई, आणि नारायणराव त्यांचे यजमान. सही बाईंची, बोलणं यांचं. दोनच महिन्यांपूर्वी हे नारायणराव आमच्या वस्तीत येऊन सांगून गेले होते, की तुमची विहीर नव्या रस्त्याच्या वळणात येते, बुजवलेली बरी. आम्ही नाही म्हटलं. आणि आता त्याच विहिरीचं पाणी तपासायला माझीच नात, त्यांच्याच गाडीतून.

ती विहीर आमची आहे, म्हणजे खरोखरच आमची. सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात, धम्म घेतल्यानंतर काही महिन्यांनी, वस्तीतल्या माणसांनी ती खणली. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्याआधी गावच्या विहिरीपासून दहा हात दूर घागर ठेवून आम्ही उभ्या राहायचो. कोणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाही आली तर ऊन चढेपर्यंत उभं राहायचं. माझी आई जनकाबाई आणि वस्तीतल्या बाया टोपल्यांनी माती वर काढायच्या आणि काढता काढता गाणं रचायच्या. एकेका परसाला, म्हणजे पुरुषभर खोलीला, एकेक ओवी. शेवटची आईची होती:

सात परस खाली गेलो, हात झाले काळे,
आमच्याच घामाला फुटले पाण्याचे उमाळे.

मी पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिक्षिका होते. ते गाणं मी वहीत उतरवून काढलं, बसवलं, आणि दरवर्षी जयंतीला वस्तीतल्या मुली ते म्हणतात. खरं सांगायचं तर विज्ञानाच्या तासालाही मी कविताच घ्यायची. मला वाटायचं, पाण्याचं सूत्र पाठ करून कोणाचं भलं झालं? गाण्याने माणूस ताठ उभा राहतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मनालीने चार ठिकाणचं पाणी घेतलं. आमची विहीर, गावची विहीर, शाळेचा हातपंप आणि दवाखान्याजवळची टाकी. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवून नाव लिहिलं; तिच्या कॉलेजातल्या यंत्रावर ते तपासायचं होतं. घरी आल्यावर तिने माझ्या नातीला, पायलला, जवळ घेतलं आणि तोंड उघडायला सांगितलं. पायल आठ वर्षांची. दुधाचे दात पडून तिला नवे आले आहेत, आणि त्यांच्यावर आडव्या तपकिरी रेघा आहेत. आम्ही समजायचो, पोरगी नीट दात घासत नाही.

"हे घासून जात नाही, आजी," मनाली म्हणाली. "पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की असं होते. पुढं हाडं धरतात."

मी तिला आमच्या विहिरीचं गाणं ऐकवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली, आणि म्हणाली की गाणं छान आहे, पण गाण्यानं पाणी बदलत नाही.

"तुह्या यंत्राले माहीत आहे का, ही विहीर कोणी खणली अन् काऊन खणली?" मी विचारलं.

"नाही. तेवढं त्याले समजत नाही."

"मग त्याले काय समजते?"

"पाणी," ती म्हणाली.

मला राग आला, पण रागापेक्षा संशय जास्त होता. तिच्या पिशवीत ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा कागद मी पाहिला होता. पोरगी वाईट नाही, पण भोळी आहे. निकाल आधीच कोणीतरी लिहून ठेवला असेल आणि हिच्या हातून फक्त वदवून घ्यायचा असेल, तर तिला ते कळणारही नाही. आमच्या बापजाद्यांना कागदांनीच फसवलेलं. कागद कोणाच्या गाडीतून येतो, ते मी आधी बघते.

दुपारी मनाली सही आणायला ग्रामपंचायतीत गेली. बाटल्या आमच्या ओसरीवर खोक्यात होत्या. मी आमच्या विहिरीच्या बाटलीतलं पाणी एका तांब्यात ओतलं, गावच्या विहिरीचं दुसऱ्या तांब्यात. मग आमचं पाणी त्यांच्या बाटलीत भरलं, त्यांचं आमच्या बाटलीत, आणि बुचं घट्ट लावली. चिठ्ठ्या होत्या तिथेच राहिल्या.

माझा हिशेब साधा होता. आमच्या नावाच्या बाटलीत आता नारायणरावांच्या गल्लीचं पाणी होतं. तरीही ती बाटली वाईट निघाली, तर निकाल पाणी पाहून नव्हे, नाव पाहून दिलाय, हे मी चारचौघांत सिद्ध करणार होते. माझ्या वर्गात दोन पोरांचे पेपर सारखे आले की मी त्यांना अशीच जागा बदलून बसवायची.

बाराव्या दिवशी निकाल आला. आमच्या नावाचं पाणी चांगलं. गावच्या विहिरीच्या नावाचं पाणी पिण्यास अयोग्य, फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त.

वस्तीत त्या दिवशी पेढे वाटले गेले. धम्मरत्नाने कागदाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. संध्याकाळी बाया विहिरीवर जमल्या आणि कोणी न सांगता गाणं सुरू झालं. पायल त्यांच्यात मोठ्याने म्हणत होती. तिकडे गावच्या विहिरीची मोटर बंद झाली, कठड्यावर लाल रंग मारला गेला, नारायणरावांच्या गल्लीत टँकर येऊ लागला. मला सगळे म्हणत होते, बाई, तुमचं गाणं खरं ठरलं.

मी घरात जाऊन बसले. निकाल नावाकडे बघून लागलेला नव्हता. बाटलीवर कोणाचं नाव आहे याची त्या यंत्राने पर्वाच केली नव्हती. आत जे होतं तेच त्याने सांगितलं. आणि जे वाईट होतं ते आमचं होतं.

मग मी पळवाटा शोधल्या. मनालीला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं, फ्लोराइडचं पाणी उकळलं तर चालते का? ती म्हणाली, उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते अन् ते आहे तितकंच राहते. पुढे तिने विचारलं, "काऊन आजी, तुमचं तर चांगलं आलं ना?" 'सहजच' असं म्हणून मी फोन ठेवला.

घरी मी गुपचूप पायलसाठी दवाखान्याच्या टाकीवरून पाणी आणायला लागले. निकालात ती टाकी चांगली होती. तीन दिवस मी तिच्यासाठी वेगळा माठ भरला. चौथ्या दिवशी पाहिलं, तर शाळेतून आलेल्या चार मुली विहिरीच्या काठावर ओंजळीने पाणी पीत होत्या. चौघींत पायल होती. एकीने मला पाहून हसून दाखवलं, तर तिच्याही दातांवर त्याच रेघा. एका माठाने काय होणार होतं?

निकालानंतर आठव्या दिवशी ग्रामसभा होती. मनाली निकाल समजावून सांगायला आदल्या दिवशीच आली, यावेळी धम्मरत्नाच्या गाडीवर. मी तिला ओसरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं.

मी खोटं वागल्याबद्दल तिने ओरडावं असं मला वाटत होतं, म्हणजे मला उलट बोलता आलं असतं.

"मले विचारलं असतं," ती म्हणाली, "तर मी बाटल्यांवर नावंच लिहिली नसती. नुसते आकडे टाकले असते. तुम्ही संशय घेतला ते बरोबर केलं, आजी. लपवून केलं, ते चुकलं. लोक आठ दिवस ते पाणी पिऊन राह्यले."

नंतर तिने वही काढली आणि एकामागून एक विचारत बसली. विहीर किती खोल, मधे कधी खोल केली का. मी सांगितलं की ब्याण्णवच्या टंचाईत विहीर आटली, तेव्हा तळात बोअर मारला, दोनशे फूट. तेव्हापासून पाणी कमी पडलं नाही. तिने विचारलं, त्याआधी तळाला काय होतं? मला आठवेना. मी मनातल्या मनात गाणं म्हणून पाहिलं, परसामागून परस, आणि एकदम अशी ओवी आठवली, जी मी तीस वर्षांत म्हटली नव्हती. वहीत उतरवताना मीच ती गाळली होती. त्यात ना दुःख होतं ना अभिमान; जयंतीला मुलींच्या तोंडी ती रुक्ष वाटली असती.

सातव्याला लागला काळा पत्थर, घणाला नाही भ्याला,
उकंडा म्हणे, राहू द्या बाई, झोपू द्या त्याला.

उकंडराव म्हणजे सुलतानपूरचा म्हातारा, विहिरी खोदण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने काळ्या दगडावर काम थांबवलं होतं. पस्तीस वर्षांनी आम्ही तोच दगड मशीनने फोडला.

मनालीने ओवी दोनदा म्हणायला लावली आणि लिहून घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या वयाच्या बायांचे दात पांढरे आहेत. जे उरले ते." मी तोंडावर पदर घेतला. तिने एवढंच सांगितलं की वाईट पाणी त्या दगडाखालून येत असेल. असेल म्हणते, आहे म्हणत नाही.

ग्रामसभा ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली भरली. मी उभी राहिले आणि दोन तांब्यांपासून सगळं सांगितलं. आमच्या बाजूचे लोक खाली बघायला लागले. धम्मरत्न हळूच म्हणाला, "माय, हे घरात सांगता आलं नसतं का?" आणि उठून मागे जाऊन उभा राहिला.

नारायणराव खुर्चीत सावरून बसले. आठ दिवस टँकरमागे हंडे घेऊन पळालेली त्यांची गल्ली त्यांच्या मागेच होती.

"बाई, तुम्ही मले चौथीत शिकवलं," ते म्हणाले. "खोटं बोललो म्हणून आंगठे धरून उभं केलं होतं. आता तुमचं काय करू?"

"धर म्हणशील तर धरते, नारायण," मी म्हटलं. "पण गुडघे वाकत नाहीत आता."

लोक हसले. तेही हसले, पण लगेच म्हणाले की मग प्रश्नच मिटला, विहीर बुजवून टाकू, ठराव लिहा. मला याचीच भीती होती, आणि मला वाटलं, आता तोंड उघडायचा हक्क मी घालवून बसले आहे. तेव्हा मनाली उठली. तिने सांगितलं की आधी नवीन नमुने घ्यायचे, नावाशिवाय. पिण्यासाठी आमची विहीर बंद ठेवायची. बोअर सिमेंटने बंद करून विहीर उपसायची, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा तपासायचं. बुजवली तर तपासणार काय? मग तिने ती ओवी वाचून दाखवली.

"आता गाण्यावरून सिमेंट टाकायचं का?" नारायणरावांनी विचारलं.

"गाण्यावरून नाही, काका. गाण्यानं कुठं पाहायचं ते सांगितलं. आहे का नाही, ते पाहू."

ठराव तसाच झाला. मंजुळाबाईंनी सही केली. नारायणरावांनी फार वाद घातला नाही, आणि त्यांचं हे गप्प बसणं मला अजून खटकतं. पावसाळ्यानंतर रस्त्याचं काम निघेल, तेव्हा बघू.

नव्या नमुन्यांत आमचंच पाणी वाईट निघालं. लाल रंग आमच्या कठड्यावर आला. ज्याने मारला त्याला मी त्यावरची सत्तावन्न सालाची जुनी पाटी झाकू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायल आणि मी गावच्या विहिरीवर गेलो. आता तिथे रहाट नाही. मोटर आहे आणि ओट्याला चार तोट्या आहेत. कायद्याने तिथे कोणालाही मनाई नाही, कित्येक वर्षांपासून नाही. तरी आमच्या वस्तीतलं कोणी तिथे पाणी भरायला कधी गेलं नव्हतं. गरजच पडली नव्हती, असं आम्ही म्हणायचो. मी दहा हातांवर थांबले. पाय आपोआप थांबले, मी थांबवले नाहीत. पायल हंडा घेऊन सरळ ओट्यावर चढली.

तिथे मंजुळाबाई होत्या, आणखी तिघी होत्या. पायलला पाहून मंजुळाबाईंनी तोटीखालची आपली घागर उचलली आणि बाजूला ठेवली. पोरीला जागा करून दिली, की आपली घागर दूर घेतली? मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या पायलकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या.

"बाई, तुम्ही तिथं काऊन उभ्या?" त्यांनी विचारलं. "या ना इकडं."

मी जागची हलले नाही. पायलचा हंडा भरेपर्यंत मी तिथूनच बघत राहिले.