तिरोड्याची पेटी

बोलायच्या वेळी जे माणूस बोलत नाही, त्याच्यावर मले भारी राग येते. आमच्या सत्यभामाबाईवर तं इतका आला, का विचारू नका.

मी रंभाबाई. मोहाडीच्या वाचनालयात झाडझूड करतो, पेपर लावतो, फाटक्या पुस्तकायले खळ लावून देतो. घरचा धंदा मासोळीचा, नवरा तलावावर जाते. मले वाचता येत नाही, अन् त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

सत्यभामाबाई आमची ग्रंथपाल. बाप लवकर गेला, तं तिनं दोन्ही भावांले शिकवलं. भाऊ नोकरीले लागून पुण्याकडे गेले, अन् हिच्या लग्नाचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. चाळिशी आली. कडक तं अशी, बाप्पा! पुस्तकाचं पान कोणी मुडपलं तं त्याले महिनाभर पुस्तक भेटत नव्हतं. सरपंचाच्या पोरालेही तिनं दारातून परत लावलं होतं.

तवा जिल्हा एकच होता. तिरोड्याच्या वाचनालयाशी आमची पुस्तकांची अदलाबदल चाले. महिन्याच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी तिकडचे ग्रंथपाल खेमराज सर बसनं लोखंडी पेटी घेऊन येत. पेटीभर पुस्तकं त्यायची ठेवत, पेटीभर आमची घेऊन जात. अन् जायच्या आधी कार्यक्रम. बाजाराले आलेल्या बाया थैल्या घेऊन वाचनालयाच्या ओट्यावर बसत, सर एक गोष्ट वाचून दाखवत. म्हातारीचा आवाज, पोलिसाचा आवाज, बकरीचासुद्धा! बाया हसून हसून लोटपोट होत. थैलीतली मेथी सुकून जाये, पण कोणी उठत नव्हतं.

त्या दिवशी आमची बाई इस्त्रीचं पातळ नेसून येई. दाराच्या आत उभी राहून ऐके, बायांमंधी कधी बसली नाही. साऱ्या बाया सराकडे पाहत, अन् मी हिच्याकडे पाहू. सर गेले का हिचं तोंड एवढंसं होये, अन् मंग महिनाभर येता-जाता कॅलेंडरापुढे उभी राहे. सरालेही ती पाहिजे होती, हे तं बाजारातल्या आंधळ्यालेही दिसलं असतं. त्यायची बायको मरून बरीच वर्षं झाली होती, पोरगी सासरी नांदत होती. अडवणारं कोणी नव्हतं. फक्त तोंड उघडायचं होतं. पण नाही! दोघंही मूग गिळून बसले.

मंग जिल्हा फुटला. तिरोडा गोंदियात गेलं, आम्ही भंडाऱ्यात राहिलो. वरून कागद आला का अदलाबदल आता आपापल्या जिल्ह्यात करा, दुसऱ्याची पुस्तकं परत द्या. गाव तिथंच, रस्ता तोच, अन् सराचं यायचं कारणच संपलं. बाईनं कागद वाचला. संध्याकाळी म्हणे, "रंभाबाई, आता महिन्याचा कार्यक्रम आपणच घ्यायचा."

मी म्हटलं, "अन् बकरीचा आवाज कोण काढन?"

तिनं मान फिरवली. डोळे भरले होते तिचे.

शेवटची पेटी न्यायले सर आले. पुस्तकं मोजली, तं एक कमी. कोंबडीपालनाचं.

"कोणाच्या तरी घरी राहिलं असेल," बाई म्हणाली. "मी शोधून ठेवते. पुढच्या महिन्यात एक चक्कर टाकाल का?"

"येतो ना," सर म्हणाले. विचारही नाही केला.

दुसऱ्या दिवशी मी टेबल पुसून राहिली होती. खालचा ड्रॉवर अर्धा उघडा होता, अन् आतून पुस्तकावरची कोंबडी माझ्याकडे पाहून राहिली होती. अवो माय! मी तं खालीच बसली. पान मुडपणाऱ्याले माफ न करणारी ही बाई, अन् अख्खं पुस्तक लपवून बसली! मी ड्रॉवर लावून टाकला अन् दिवसभर एकटीच हसत राहिली.

मंग काय, सर येऊ लागले. पेटी नाही, काही नाही, तरी येऊ लागले. "सापडलं काय जी, मॅडम?" "नाही ना, शोधतेच आहे." एवढं बोलणं झालं का सर ओट्यावर, अन् गोष्ट सुरू. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बाया बांधीतून थेट चिखलाच्या पायांनी आल्या, तरी बाई काही बोलली नाही. मी मनात म्हणो, कोंबडे, तू अशीच हरवून राह्य. पण मले धाकही वाटे. एका पुस्तकाच्या भरोशावर माणूस किती दिवस येईन? बोल ना व बाई, बोल एकदाची!

दिवाळीनंतरच्या बाजाराले सर आले अन् त्यायनं थैलीतून तेच पुस्तक काढलं. नवंकोरं. नागपुरातून विकत आणलं होतं.

"मॅडम, तुम्ही आता चिंता सोडा. याच्यावर जुना नंबर टाकून घेतो. तुम्हाला आता कोणी काही विचारणार नाही."

मी हातातला झाडू घट्ट धरला. बाईचे ओठ हलले. मले वाटलं, आता म्हणते. आता म्हणतेच.

"फार उपकार झाले," बाई म्हणाली.

सरानं नवं पुस्तक परत थैलीत टाकलं. मंग "जय भीम, मॅडम" म्हणून त्यायनं चप्पल घातली. ओट्यावर बाया वाट पाहत होत्या, त्यायले म्हणाले, "आज जमत नाही व, माय." बाया एकमेकींच्या तोंडाकडे पाहत उठल्या.

माझं डोकंच सटकलं. बाईच्या देखत ड्रॉवर ओढला, जुनं पुस्तक काढलं, पदर खोचला अन् बाजारातून धावत सुटली. या वयात! सर स्टँडवर तुमसरवरून तिरोड्याले जाणाऱ्या बसपाशी उभे होते.

"घ्या हे तुमचं! हरवलंच नव्हतं. बाईनं ठेवलं होतं, तुम्ही यावं म्हणून. एवढंही समजत नाही काय तुमाले?"

त्यायनं पुस्तक हातात घेतलंच नाही. "मले मालूम आहे, रंभाबाई. शिक्क्याचं पॅड काढायले मीच तो ड्रॉवर उघडला होता. पहिल्याच खेपेले."

"मंग नवं काहून आणलं?"

"किती दिवस कोंबडीच्या नावानं येऊ?" ते हसायले गेले, पण हसू आलं नाही. "वाटलं, पुस्तकाचं निपटलं तं मॅडमच म्हणतीन. काम नसलं तरी येत जा, एवढंच. येताना साऱ्या रस्त्यानं मी मनात तेच ऐकत आलो."

"तं तुम्ही म्हणा ना!"

"मी इतके महिने येऊन राहिलो. आणखी कसं म्हणतात, रंभाबाई?"

कंडक्टरनं घंटी मारली. सर चढले, बस गेली.

परत आली, तं बाई तिथंच बसून होती. मी पुस्तक तिच्यापुढे आपटलं अन् सारं सांगितलं, त्यायचा शब्दन् शब्द. रागाच्या भरात 'तू' म्हणून बोलली. ती ऐकत राहिली. मंग उठली अन् सरळ रस्त्यानं चालायले लागली. दार उघडं, टेबलावर पुस्तकं तशीच. पेपर वाचणारे म्हातारे पाहतच राहिले.

मी मागं मागं. "बस गेली व, बाई!"

"माहीत आहे."

बस उभी होती तिथं आता एक कुत्रं बसलं होतं. बाजार ऐन भरात होता, माणसाले माणूस लागत होतं. एवढ्या लोकांत बाई तुमसरच्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली अन् म्हणाली, "काम नसलं तरी येत जा."

मोठ्यानं म्हणाली. वांगी विकणारीनं वळून पाहिलं.

माझा सारा राग पाणी होऊन गेला. मी तिचा हात धरला. म्हटलं, "बाई, इथं हे कोण ऐकते?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "तिरोड्याकडे जायला पहिली गाडी कधी असते?"

"सकाळची. अंधार असते तवाच."

"मग उद्या वाचनालय तुम्ही उघडा," बाई म्हणाली.