लग्नपत्रिकांचं चिलखत

आमच्या शांभवीनं हातात घेतलेलं काम पुरं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कशिदा घेतला, तर मोराची मान झाली आणि पिसारा राहिला. पेटीचा क्लास लावला, तर पेटीवर आता तिचा बाप टोपी ठेवतो. इंजिनिअरिंगला घातली, तर दुसऱ्या वर्षी गाठोडं घेऊन घरी. त्यामुळं पुण्यात कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करायला शिकवतात, आणि तिथं मुलाखतीला स्वतःच्या हातानं केलेली वस्तू न्यावी लागते, असं तिनं सांगितलं, तेव्हा तिचा बाप चन्नाप्पा, म्हणजे माझा मुलगा, नुसता हसला. गुळाच्या अडतीत जन्म गेलेला माणूस. त्याला ढेपेचा रंग कळतो, पोरीचं तोंड कळत नाही.

पण घरात शब्द माझा चालतो. मी म्हटलं, "जा की. पर वस्तू पुरी करायची. डोक्यापासनं पायापतोर अंगावर घालून जिना उतरून दाखवायचं. एक नख जरी ऱ्हायलं तरी पुणं न्हाय. संकेश्वरच्या, तुला बघून गेलेल्या पावण्यास्नी होकार कळवणार."

"चालतंय," ती म्हणाली.

मी निवांत झाले. ती पुरं करणार नाही याची मला खात्री होती.

तिनं जे काढलं ते चिलखत होतं. कुठल्याशा खेळातला शिपाई, चेहरा दिसत नाही, सगळं अंग कोनाकोनांच्या पत्र्यात गुंडाळलेलं. नेट कॅफेतनं त्याचे छाप काढून आणायची, ते जाड कागदावर गिरवायची, कापायची, घड्या घालायची, डिंकानं जोडायची. कागदाची छाती झाली, पाठ झाली. मग त्यावर फायबरवाल्याकडनं आणलेलं रेझिन लावायचं. पातळ काकवी दिसावी तसं ते दिसतं, पण वास असा की शेजारच्या बनाबाईनं खिडकीतनं विचारलं, "मल्लव्वा, घरात काय मेलंय काय?" मी सांगितलं, "न्हाय गं बाई, तुझ्या भाजीपेक्षा बरा वास हाय." रेझिनमध्ये थेंबथेंब हार्डनर घातला की ते आधी रबरासारखं होतं आणि मग दगडासारखं. मी छातीवर बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. लाकडासारखी वाजली. तेव्हापासून माझा निवांतपणा गेला.

जायला दोन दिवस उरले तेव्हा दोन पाय राहिले, गुडघ्यापासनं बुटापर्यंत, आणि तिचा जाड कागद संपला. दिवाळीनंतरचा रविवार, दुकानं बंद. ती जिन्यात बसून राहिली. मला ते तोंड ओळखीचं होतं. मोराच्या पिसाऱ्याच्या वेळी हेच तोंड होतं.

आता गप्प बसायचं होतं ना मी? नाही बसले. ट्रंक उघडली. जतपासनं निपाणीपर्यंत आमच्या समाजात जिथं मांडव पडला तिथनं मल्लव्वाला पत्रिका आली नाही असं कधी झालं नाही, आणि आलेली प्रत्येक पत्रिका त्या ट्रंकेत होती. वर देवाचं चित्र असतं, टाकायची कशी? आणि खरं सांगायचं तर मला टाकायचीही नव्हती. कुणी मान मोजायला बसलंच तर ट्रंक पुढं ओढता येते. मी वरचा गठ्ठा तिच्या मांडीवर टाकला. "घे. चांगला जाड हाय. पडून कुजायचाच हाय." राहिलेत ते पाय आहेत, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. तिनं पत्रिका उलट्या करून कोऱ्या बाजूवर गिरवायला घेतलं. तिला कोरी बाजू तेवढी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पुण्याची एसटी गाठायच्या आदल्या दिवशी, दुपारी ती गच्चीवर पायांना रेझिन लावत होती. माझं बूड एका जागी ठरेना. खाली आले, शेंगा फोडायला घेतल्या, चार फोडल्या, पुन्हा वर. गुडघे बोंबलत होते तरी वर. चन्नाप्पा जेवायला आला होता, तो म्हणाला, "आई, बस की जरा. तुला काय मुलाखत हाय?"

"तू तुझा भात खा," मी म्हटलं आणि वर गेले.

शांभवी तोंडाला रुमाल बांधून, हातमोजे घालून ब्रश ओढत होती. दोन्ही पाय लावून संपत आले होते. मी कठड्याला टेकले आणि पाहिलं. पांढऱ्या कागदावर रेझिन मुरत होतं, आणि तेल पडलेला कागद जसा आरपार दिसतो तसा तो आरपार दिसायला लागला. नडगीवर सोंड उमटली. मग डोळे. मग मोदक. गणपती. त्याच्या खाली, ऐन बुटाच्या चवड्यावर, मिशीवाला वीरभद्र, हातात तलवार.

ब्रश थांबला. तिनंही पाहिलं होतं.

"अज्जी," ती म्हणाली.

वीरभद्र आमचं कुलदैवत.

चन्नाप्पा हात धुऊन वर आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "वरनं रंग मारणार हाय न्हवं? करड्या रंगाखाली कुणाला दिसतंय?"

"मला दिसंल," मी म्हटलं.

"मलापण," शांभवी म्हणाली. तिनं ब्रश डब्यात टाकला आणि हातमोजे ओढून काढले. "मी पायात न्हाई घालत हे. ऱ्हाऊ दे अज्जी. संकेश्वरला कळवून टाका."

चन्नाप्पानं माझ्याकडं पाहिलं. झालं की. मला पाहिजे होतं ते झालं होतं, आणि तेही देवानं आपल्या हातानं केलं होतं. मी काही न बोलता जिना उतरले असते तर कुणी मला नाव ठेवलं नसतं. पोरगी घरात राहिली असती, संकेश्वरात नांदली असती, सणाला आली असती.

पण ती उभी कशी राहिली होती ते मी पाहिलं. रडत नव्हती. तिला बरं वाटत होतं. मान खाली, खांदे सुटलेले. कशिदा ठेवताना अशीच, इंजिनिअरिंग सोडताना अशीच. ह्या वेळी तर देव मिळाला होता हाताशी. माझं डोकं फिरलं.

"देवाला फुडं करून पळतीस व्हय?" मी म्हटलं. "आजपतोर गुरुजी वाईट, मास्तर वाईट. आता वीरभद्रावर ढकलायला निघालीस?"

"मग काय करू? पायात घालू?"

"आवाज खाली. दगड व्हायला किती येळ लागतो याला?"

तिनं बोट लावून पाहिलं. "आता रबरागत झालंय. थोड्या वेळानं करवतीनंबी कापायचं न्हाई."

"म्हंजे आता कातरीनं कापतंय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "अज्जी, देवाला कातरी लावणार मी?"

"तू न्हवं. मी लावतो. चन्नाप्पा, खालनं कातर आन. आणि पितळेचं ताट."

"आई, पाप लागंल," चन्नाप्पा म्हणाला.

"लागू दे. माझ्या नावावर लागंल. तू जिना उतर."

मी पदर खोचला, कपाळाला हात लावला, मनात जे म्हणायचं ते म्हटलं आणि कातर घातली. रेझिन बोटांना चिकटलं, डोळ्यांत पाणी आणणारा वास. पहिला गणपती सोडवला तो भाकरीच्या तुकड्यासारखा लवलवत हातात आला. ताटात ठेवला. दुसरा. वीरभद्राच्या वेळी शांभवीनं माझं मनगट धरलं. आम्ही दोघींनी मिळून त्याची तलवार सोडवली. टोकाला फक्त पत्रिकेतलं एका यजमानाचं नाव राहिलं होतं.

"नाव पण काढू?" तिनं विचारलं.

मी वाकून वाचलं. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यात अक्षरं उलटी, वेळ लागला. "ऱ्हाऊ दे. ह्याच्या मांडवात मला पयल्या पंगतीला बसवलं न्हवतं."

आता पायांना भोकं पडली होती, आणि ती बुजवायला पुठ्ठा हवा होता. मी घर उलथंपालथं केलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महालक्ष्मी. उदबत्तीच्या खोक्यावर साईबाबा. फरसाणाच्या डब्यावर बालाजी, काडेपेटीच्या पुड्यावरसुद्धा कमळात बसलेली बाई. घरात देव नसलेला पुठ्ठा म्हणून मिळेना. वर रेझिन वाळत होतं, दुकानापर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता, आणि मी ह्या फडताळातनं त्या फडताळात हात घालत होते. शेवटी कोनाड्यातनं आमच्या नगरसेवकाचं दिवाळीचं शुभेच्छापत्र निघालं. चांगलं तळहातापेक्षा मोठं, गुळगुळीत, आणि त्यावर तो स्वतः, दोन्ही हात जोडून हसणारा.

शांभवीनं ते हातात घेतलं आणि ती पहिल्यांदा हसली. "अज्जी, ह्याला पायात?"

"पाच वर्सं डोक्यावर बसलाय. चार दिस पायात बसू दे."

तिनं ते तुकडे करून, कोरी बाजू वर ठेवून आतनं लावलं आणि वर उरलेलं रेझिन फिरवलं. आम्ही दोघी बघत बसलो. हळूहळू चिलखताच्या नडगीवर जोडलेले हात आले, मग गंध, मग दात.

सकाळी तिनं अंगावर सगळं चढवलं. रात्रीत करडा रंग मारून झाला होता, त्याचा वास अजून जात नव्हता. मी खाली जिन्याच्या तोंडाशी उभी. वरनं एक-एक पायरी वाजत आली. हातपाय कोनाकोनांचे, डोक्यावर टोप, चेहरा नाही. एका पायरीवर तिचा तोल गेला, मी पुढं झाले, पण तिनं कठडा धरला आणि उतरली. चन्नाप्पा दारात पिशवी घेऊन उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पोरीकडं नाही.

टोपाच्या आतनं आवाज आला, "अज्जी, पुरं झालं?"

मी तिच्याभोवती एक फेरी मारली. खांदे ठोकले. गुडघा ठोकला. कुठंतरी काहीतरी राहिलेलं सापडावं म्हणून शोधत होते, आणि सापडत नव्हतं.

"पुरं झालं," मी म्हटलं.

ती पाया पडायला वाकली. चिलखत कमरेत मोडेना, ती अर्ध्यावर अडकली, तशीच लाकडासारखी. मी तिला दोन्ही खांद्यांना धरून सरळ केली. पत्रा नसलेल्या त्या पत्र्याखाली ती केवढी हडकुळी होती ते मला कळलं.

"हे काढ आता," मी म्हटलं. "एसटीत बसायला येणार न्हाय. आणि तिथं उपाशी ऱ्हाऊ नगंस."

ती टोप काढायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले. दशम्या बांधायच्या होत्या, आणि फडकं काही केल्या सापडत नव्हतं.